विकतच्या पॅटर्नवर शिवलेले कपडे आणि आपलं माप: फिटिंगच्या शंका, गप्पा

सुईदोरा
मशीन येतं, चेन, कॉलर, काजं सगळं जमतं, पण ड्राफ्टिंग (मापावरून आकार काढणं) शिकलेले नाही त्यामुळे मी विकतच्या पॅटर्नवरच, म्हणजे तयार कागदी नमुन्यांवरच शिवते. पीडीएफ घ्यायची, प्रिंट काढायची, पानं चिकटवायची, कापायला बसायचं. पायजमे, झबली, एप्रन यात काही अडत नाही, अडतं ते अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यात. आता एका अमेरिकन कंपनीचा शर्टड्रेस घेतलाय, पुढे पूर्ण बटणपट्टी, कमरेवर जोड, खाली थोडा घेर. कापड मंगळगिरी कॉटन आहे, जिवापाड आवडतं, म्हणून आधी जुन्या चादरीचा ट्रायल शिवला.

मापं देते. छाती ३८, कंबर ३२, सीट ४१, उंची ५ फूट १ इंच. पाकिटावरच्या तक्त्यात ३८ छातीला १६ नंबर आहे, तोच कापला. छातीला अगदी छान बसला, पण खांदा इंचभर बाहेर उतरतोय, पुढचा गळा अंगाला न टेकता उभा राहतोय, कमरेचा जोड खऱ्या कमरेच्या खाली येतोय आणि एवढं सगळं सैल असून बाही मात्र दंडाला आवळतेय. एक नंबर लहान घेतला तर बटणं ताणतील. काय करावं? कोणी अशी दुरुस्ती केली असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मला "टेलरकडे दे" हे उत्तर नकोय, स्वतःच करायचंय.

निळीशाई
खांदा आणि गळा सेम टू सेम माझ्याकडे. वाचतेय.

सातासमुद्रापार
सुईदोरा, काखेतून टेप घेऊन वरची छाती मोजलीस का? म्हणजे टेप पाठीवर नेहमीच्या जागी पण पुढून काखेच्या लगेच वरून, छातीच्या भरीव भागावरून न जाता. ते माप सांग, सगळं उत्तर त्यात आहे.

सुईदोरा
आत्ताच मोजलं, ३५.

सातासमुद्रापार
वाटलंच होतं. सविस्तर लिहिते, मोठी पोस्ट होईल.

मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे पॅटर्न बी कप धरून काढलेले असतात, म्हणजे पूर्ण छाती आणि वरची छाती यात साधारण २ इंचाचा फरक. तुझा ३ आहे. तू ३८ बघून १६ नंबर घेतलास तेव्हा खांदा, गळा, पाठ, मुंढा (बाही जोडायची गोलाई) हे सगळं तुझ्यापेक्षा मोठ्या सांगाड्याच्या बाईचं आलं. छाती बसली कारण तेवढं एकच माप तू जुळवलंस.

त्यामुळे नियम असा धर, फरक २ पेक्षा जास्त असेल तर वरची छाती हीच छाती समजून नंबर निवडायचा. तुझे ३५ म्हणजे १२ (छाती ३४) आणि १४ (छाती ३६) यांच्या मधे. १४ घे. खांदा आणि गळा तिथेच पुष्कळसा जागेवर येईल. कारण काय, तर खांदा-गळा-मुंढा हा भाग दुरुस्त करायला सगळ्यात किचकट, एकाला हात लावला की तीन शिलाया हलतात, बाही पण हलते. कंबर, सीट, उंची ही वाढवणं कमी करणं त्यामानाने सोपं. म्हणून नंबर निवडताना खांद्याकडे बघायचं आणि बाकीचं आपण करायचं.

आता १४ नंबरची छाती ३६, तुला हवी ३८, म्हणजे २ इंच कमी. ते फक्त पुढच्या भागात वाढवायचे, पाठीला हात लावायचा नाही. पुढचा पॅटर्न अर्धाच असतो म्हणून कागदावर १ इंच.

कागदाची कॉपी घे. छातीचा पॉइंट अंगावर धरून कागदावर खूण कर (पॅटर्नवरची खूण तुझ्या उंचीला बहुतेक खाली येईल, आधी ती नीट कर). तिथून खाली कमरेपर्यंत उभ्या धाग्याला (पॅटर्नवरच्या बाणाला) समांतर रेघ. त्याच पॉइंटपासून वर मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तिरकी रेघ. आणि बाजूच्या टक्सच्या (आकारासाठी घेतलेल्या निमुळत्या चुणीच्या) मधोमध पॉइंटपर्यंत तिसरी रेघ. पहिल्या दोन रेघा एका दमात कापायच्या, पण मुंढ्याच्या कडेशी केसभर कागद न कापता ठेवायचा, तो बिजागरीसारखा फिरतो. टक्सवरची रेघ बाजूकडून पॉइंटपर्यंत कापायची. आता बाजूचा भाग सरकव, छातीपाशी बरोबर १ इंच फट पडली पाहिजे आणि उभ्या कापाच्या दोन्ही कडा समांतर राहिल्या पाहिजेत. टक्स आपोआप रुंद होतो. बटणपट्टीच्या बाजूचा खालचा तुकडा थोडा वर राहिलेला दिसेल, तो आडवा कापून खाली सरकवून कड सरळ करून घ्यायची. फटीत मागून कागद चिकटव. टक्सचं टोक पॉइंटच्या इंचभर अलीकडे थांबव, अगदी पॉइंटपर्यंत नेलंस तर तिथे टोक उभं राहतं.

आणि याचा फायदा बघ. १४ नंबरची कंबर २८, तुला ३२ हवी, म्हणजे ४ इंच कमी. यातले २ इंच या फटीने खालपर्यंत आपोआप वाढले. उरलेले २ बाजूच्या शिलाईत, पुढच्या-मागच्या मिळून चार कडा असतात, प्रत्येक कडेला अर्धा इंच. खालचा घेराचा भाग वेगळा आहे म्हणून तो सरळ मोठ्या नंबरचा काप, १६ ची सीट ४० आणि १८ ची ४२, दोन्हीच्या मधली रेघ घे. फक्त वरच्या भागाची कमरेची लांबी आणि खालच्याची लांबी जुळते का ते शिलाईच्या रेघेवर टेप उभी धरून मोज, कापडाच्या कडेवर नाही.

सुईदोरा
बापरे. थांब, दोनदा वाचते. पण इतकं स्पष्ट मला कुठेच मिळालं नव्हतं, खूप खूप आभार ताई. कमरेचा जोड?

सातासमुद्रापार
हे पॅटर्न साधारण ५ फूट ५-६ इंच उंचीला काढलेले असतात. १४ नंबरची पाठीची लांबी, म्हणजे मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत, १६.५ इंच. कमरेला नाडी बांध आणि कोणाकडून तरी मोजून घे, स्वतःची पाठ स्वतः नीट मोजता येत नाही. पॅटर्नवर दोन समांतर रेघा असतात, इथे लांबी कमी-जास्त करा म्हणून, तिथेच घडी घालून कमी करायची. खालून कापून टाकायचं नाही, कंबरेचा आकारच निघून जातो.

कात्रीवाले काका
माझं कोल्हापुरात दुकान होतं, आता मुलगा बघतो. वरच्या ताईंनी चांगलं समजावलंय. माझं मत थोडं वेगळं आहे ते मांडतो.

आपल्याकडे ब्लाउज शिवणारा माणूस तक्ता बघत नाही, गिऱ्हाईक बघतो. छाती, कंबर, खांदा, मुंढा, पुढची उंची, टक्सची उंची, दोन टक्समधलं अंतर एवढं अंगावर घेतलं की कागदाची गरजच नाही, खडूने सरळ कापडावर. म्हणून साडीवरचा ब्लाउज असा बसतो की तसा रेडीमेड शर्ट कधी बसत नाही. विकतच्या कागदात हे एकही माप तुमचं नसतं. मग आधी दुसऱ्याचं माप विकत घ्यायचं आणि नंतर कापून चिकटवून ते आपलं करायचं, यापेक्षा चार महिने शिवणक्लास केला तर जन्माचं काम होतं असं मला मनापासून वाटतं.

पण बाहीचं ऐका. दंडाला आवळते म्हटलं की सगळे मुंढा खाली कापतात. तसं करू नका. मुंढा खाली गेला की हात वर करताना अख्खा ड्रेस वर येतो. मुंढा काखेजवळ राहिला तर हात मोकळा फिरतो, ब्लाउजमध्ये बायका वरच्या फळीवरचा डबा काढतात ते त्यामुळेच. बाहीच रुंद करायची. बाहीच्या कागदावर मधोमध एक उभी रेघ आणि काखेच्या पातळीवर एक आडवी रेघ, दोन्ही कापा, चारी कडांना कागद धरून ठेवा आणि मधून उघडा. दंडाला हवं तेवढं, समजा इंचभर उघडलं की बाहीचा डोंगर (वरचा गोल भाग) थोडा बुटका होतो, तेवढा वरून परत उंच करून आकार काढून घ्यायचा. मुंढ्याची लांबी आणि बाहीच्या गोलाईची लांबी टेपने मोजून बघा. सुती कापडात गोलाई इंच-सव्वा इंच जास्त चालते, त्यापेक्षा जास्त झाली तर खांद्यावर चुण्या येणारच.

सुईदोरा
काका, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं, मी मुंढाच खाली करणार होते. दंड मोजला, १३ इंच आहे, आणि कागदावर बाही शिवून १३.५ होतेय, म्हणजे हात वाकवायला जागाच नाही.

कात्रीवाले काका
पूर्ण बाहीला दंडापेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवा. इंच-दीड इंच उघडा मग.

रफू
काकांचा आदर ठेवून थोडं असहमत. मी शिवणक्लास केलाय, खाकी कागदावर पाव स्केलमध्ये वही भरून ड्राफ्टिंग केलंय, ब्लाउज-पंजाबी ड्रेस मस्त येतो. पण स्टँडवाली शर्टाची कॉलर, कफची पट्टी, आत दडलेला खिसा, ट्रेंच कोटाची पाठ, हे क्लासमध्ये कोणी शिकवलं नाही. चांगल्या पॅटर्नमध्ये हे आयतं मिळतं आणि नुसते तुकडे नाही तर कुठली शिलाई आधी, कुठली नंतर, कुठे इस्त्री, कुठे कट मारायचा, हा क्रमही मिळतो. मी जॅकेट शिवायला शिकले ती एका पॅटर्नच्या पुस्तिकेवरून. म्हणजे आकार त्यांचा, माप आपलं, दोन्ही हवं.

मुळात हा प्रकार निघालाच घरी शिवणाऱ्यांसाठी. एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावात वेगवेगळ्या साइझचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, त्याआधी मिळायचे ते बहुतेक एकाच मापाचे, मोठं-छोटं करणं ज्याचं त्याने बघायचं. युरोपात युद्धानंतर ऑफेनबुर्गच्या एने बुर्डा या बाईंनी १९५० मध्ये मासिक काढलं आणि त्यातल्या पॅटर्नवर घरोघरी कपडे शिवले गेले.

आडवीवीण
बुर्डा मासिकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, त्यात मार्जिन (शिलाईसाठी कडेला सोडायची जागा) नसतं! एकाच मोठ्या कागदावर वेगवेगळ्या रंगांच्या रेघांनी कित्येक कपडे एकमेकांवर छापलेले असतात, रस्त्यांच्या नकाशात आपली वाट शोधावी तसं बघत ट्रेस करायचं आणि मग मार्जिन स्वतः द्यायचं. अमेरिकन मोठ्या कंपन्यांचं ५/८ इंच म्हणजे दीड सेमी आधीच धरलेलं असतं. कापायच्या आधी हे वाचलंच पाहिजे. आणि बुर्डाची नेहमीची उंची १६८ सेमी धरलेली.

मार्जिनबद्दल माझा ठाम आग्रह, पॅटर्न काहीही म्हणो, बाजूच्या शिलाईत इंचभर सोडा. आपले टेलर ब्लाउजला सोडतात तसं. वजन वाढलं-घटलं की उसवून परत शिवता येतं, विकतच्या पॅटर्नवर दीड सेमीत ती सोय नाही. गळ्याला आणि मुंढ्याला मात्र जास्त सोडू नका, गोलाई उलटत नाही.

निळीशाई
माझा वेगळाच घोळ आहे. मी रेडीमेड एम घालते, पॅटर्नमध्ये मला १८ नंबर दाखवतोय. हे बरोबर आहे का? वाचून खूप वाईट वाटलं.

सातासमुद्रापार
बरोबर आहे आणि वाईट अजिबात वाटून घेऊ नकोस. मोठ्या पॅटर्न कंपन्यांचा तक्ता साठच्या दशकाच्या शेवटी ठरला तो जवळपास तसाच आहे आणि रेडीमेडवाले मधल्या काळात त्याच नंबरात मापं मोठी करत गेले. इथे अमेरिकेत दुकानात ८ नंबर घालणारी बाई पॅटर्नमध्ये १४ असणं नेहमीचं आहे. लेबल आत कोणाला दिसत नाही. इंच बघ फक्त.

अजून एक, अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप या दोन वेगळ्या गोष्टी. पुढच्या तुकड्यावर छातीपाशी गोलात अधिकची खूण असते, शेजारी तयार कपड्याची छाती लिहिलेली असते. त्यातून अंगाची छाती वजा केली की किती ढिलाई आहे ते कळतं. अंगाबरोबरच्या ड्रेसला ते लोक ३-४ इंच ढिलाई देतात. आपल्याला ब्लाउजची सवय, त्यामुळे हे खूप सैल वाटतं आणि मग लोक उगाच दोन नंबर खाली जातात. आधी कपाटातला आवडता सुती कुर्ता सपाट ठेवून छातीला मोज, दुप्पट कर, तुला किती ढिलाई आवडते ते कळेल.

पन्हाळा
ट्रायलसाठी चादर नको, मांजरपाट घ्या. जुनी चादर धुऊन धुऊन लुळी झालेली असते, ती अंगावर पडते, नवीन कापड तसं पडत नाही, म्हणून चादरीत बसलेलं पुढे बसेलच असं नाही. मांजरपाट स्वस्त आहे, त्यावर पेनने लिहिता येतं, कंबर कुठे, टक्स कुठे, सरळ अंगावर खुणा करायच्या. शिलाई मोठ्या टाक्याची, उसवायला सोपी. बाही एकच लावली तरी चालते. आणि त्यात नुसतं आरशासमोर उभं राहू नका, बसा, हात वर करा, चहा करा, स्कूटरवर बसल्यासारखे हात पुढे घ्या. पाठ ताणते की नाही ते तेव्हाच कळतं.

चुण्या वाचायला शिका हे खरं गुपित. ओढलेल्या चुण्या ज्या जागेकडे बोट दाखवतात तिथे कापड कमी आहे. छातीकडून बाजूला तिरक्या जात असतील तर छातीला कमी. आणि घडीसारखं लोंबत असेल तर तिथे जास्त आहे, ते टाचणीने चिमटीत धरायचं, कागदावर तेवढंच कमी करायचं. गळा उभा राहतोय ना, १४ नंबर घेऊनही थोडा राहिला तर गळ्याच्या कडेला चिमटीत धरून बघा, बहुतेक पाव-अर्धा इंच निघेल. कागदावर गळ्यापासून छातीच्या पॉइंटपर्यंत तेवढी पाचर मिटवायची, ती बाजूच्या टक्समध्ये उघडते.

डोंबिवली फास्ट लोकल
प्रिंटबद्दल. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शंभर टक्के किंवा अ‍ॅक्च्युअल साइझ निवडा, पानात बसवा हा पर्याय बंद. पहिल्या पानावर मोजायचा चौकोन असतो, ते एकच पान आधी छापून पट्टीने मोजा. १० सेमीचा चौकोन ९.६ आला तर डोळ्याला काही कळणार नाही पण ९६ सेमीची छाती ९२ होईल, चार सेमी गेले! अमेरिकन लेटर पान आपल्या ए४ पेक्षा थोडं रुंद आणि आखूड असतं, फाइल लेटरची असेल तर कडा कापल्या जातात, ए४ ची फाइल वेगळी दिली आहे का बघा.

रफू
खणाच्या किंवा साडीच्या कापडावर पॅटर्न वापरणाऱ्यांसाठी. पाकिटावर कापड किती लागेल ते ४५ आणि ६० इंच पन्ह्याला (कापडाच्या रुंदीला) लिहिलेलं असतं. खणाचा पन्हा त्याच्यापेक्षा बराच अरुंद, पुढचा पूर्ण तुकडा बसतच नाही. मग मधे जोड घ्यायचा किंवा खांद्याला योक (वेगळा जोडतुकडा) द्यायचा, आणि काठ वाया न घालवता बाहीच्या कडेला नाहीतर बटणपट्टीला. साडीचा ड्रेस करताना काठ खाली हवा असेल तर घेराचे तुकडे आडव्या धाग्यावर येतात, म्हणजे पॅटर्नवरचा बाण काठाला समांतर न ठेवता काटकोनात. घेराला चालतं. वरच्या अंगाच्या भागाला मी उभाच धागा ठेवते, आडव्यावर कापड किंचित जास्त ओढलं जातं आणि टक्स डाव्या-उजव्या बाजूला सारखे दिसत नाहीत. पट्ट्या लागतात त्या उरेब (तिरक्या कापलेल्या), तिथे काटकसर नको.

सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं हे सगळ्यांना माहीत आहे पण फ्यूजिंगचं (इस्त्रीने चिकटणारं, कडकपणा देणारं) कापडही कॉलरला लावायच्या आधी तुकड्यावर इस्त्री करून बघा, काही आकसतं आणि कॉलरवर फोड येतात.

सुईदोरा
अपडेट देते. पाठीची लांबी नवऱ्याकडून मोजून घेतली, १५.२५ आली, म्हणजे सव्वा इंच कमी केलं. १४ नंबर, पुढे १ इंचाची फट, दंडाला सव्वा इंच, सगळं कागदावर करून मांजरपाटाचा ट्रायल आज घातला. खांदा बरोबर खांद्याच्या हाडावर बसलाय!! कंबर कमरेवर आहे. हात वर केला तर ड्रेस वर येत नाही, काका खरंच. गळा अजून किंचित उभा होता, पन्हाळा म्हणाली तसं चिमटीत धरला तर बरोबर पाव इंच निघाला, तो टक्समध्ये घेतला. एक राहिलंय, पाठीवर कमरेच्या जरा वर आडवी घडी पडतेय, घट्ट नाही, लोंबल्यासारखी. आता तिथेही कापायचं का?

पन्हाळा
मस्त! ती घडी म्हणजे तुझ्या पाठीला कमरेपाशी बाक आहे आणि मधोमध कापड जास्त आहे. मागच्या तुकड्यावर कमरेच्या वर आडवी पाचर मिटव, पाठीच्या मधल्या रेघेवर घडीएवढी आणि बाजूच्या शिलाईपाशी शून्य. बाजूची लांबी बदलत नाही म्हणून पुढचा तुकडा जसाच्या तसा जुळतो. फक्त नंतर मधली रेघ वाकडी होते, तुझी पाठ दुमडीवर कापायची आहे ना? मग पट्टी ठेवून ती परत सरळ करून घे, किंवा मधे शिलाई द्यायची तयारी ठेव आणि तिथे मार्जिन वाढव.

कात्रीवाले काका
मधे शिलाई द्या. मंगळगिरीला शोभते आणि पुढे कधी बदल करायचा झाला तर हात घालायला जागा राहते. घडी अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर मात्र सरळ करून दुमडीवरच कापा, उगाच काम वाढवू नका.

सुईदोरा
पाऊण इंच आहे, म्हणजे शिलाई देते. कापड भिजवून वाळत घातलंय. कागदावर तारीख, माझी मापं आणि कुठे काय बदललं सगळं लिहून ठेवतेय, ब्राऊन पेपरवर पक्की कॉपी करून. पुढच्या शर्टाला हाच वरचा भाग वापरता येईल ना?

सातासमुद्रापार
नक्की, आणि दुसरा कुठलाही पॅटर्न घेतलास की आधी हा कागद त्याच्यावर ठेवून बघ, खांदा, मुंढा, टक्सची जागा. कुठे काय बदलावं लागणार ते कापड विकत घ्यायच्या आधीच समजेल. पॅन्टचा मात्र चर्चेचा वेगळा धागा काढ, त्यात आसनाची गोलाई आहे आणि तो मोठा विषय आहे.

निळीशाई
पॅन्टचा धागा मी काढते, माझी शंका तयारच आहे. आणि ए४ पानं चिकटवून कंटाळा येत असेल त्यांच्यासाठी, आर्किटेक्चर किंवा इंजिनिअरिंग कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे प्लॉटर (मोठ्या कागदाचा प्रिंटर) असतो, पॅटर्नबरोबर ए० ची फाइल आली असेल तर पेनड्राइव्हवर नेऊन एकाच मोठ्या कागदावर काढून मिळते. त्यांना स्केल बदलू नका म्हणून आधीच सांगा आणि चौकोन तिथेच पट्टीने मोजून घ्या.